हेल्मेट की पालथं खेळवणं?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या भाचीचं बाळ पाच महिन्यांचं. डोकं मागून उजवीकडे चपटं. डोक्याला गोल आकार यावा म्हणून बाळांना घालतात ते हेल्मेट घालू का, विचारत होती.

पालथं खेळवायला पैसा लागत नाही, चिकाटी लागते: जागेपणी पोटावर, झोपताना उताणंच, पाळण्यात डोक्याची बाजू रोज उलटी. हेल्मेट महाग, शिवाय दिवसाचे 23 तास, तेही बडोद्याच्या मे महिन्यात! घामोळं ठरलेलं. आणि फरक? नेदरलँड्समधल्या 2014 च्या चाचणीत दोन वर्षांची होईपर्यंत हेल्मेटवाली आणि बिनहेल्मेटची बाळं जवळपास सारखीच निघाली. (राईची उशी मात्र नकोच, गुदमरायची भीती.)

मान एकीकडेच वळते? आधी फिजिओथेरपी. चपटेपणा थोडा असेल तर पालथं खेळवा. फारच वाकडं असेल आणि सहाव्या महिन्यापर्यंत फरक नसेल, तरच डॉक्टरांकडे हेल्मेटचा विषय काढा. कवटीचे सांधे लवकर जुळलेत अशी शंका असेल, तर दोन्ही सोडून आधी तपासणी.