आठ खोकी, अठ्ठावन्न किलो

५,६६,४०० रुपये. मे २०२१ मध्ये आमच्या छोट्या संस्थेच्या खात्यातून ही रक्कम गेली आणि त्यातला एक रुपयाही आमचा नव्हता. पाचशे-हजाराच्या देणग्या होत्या, कुणी वडिलांच्या तेराव्याचा खर्च टाळून पाठवलेले पैसे होते. बदल्यात आठ खोकी आली. त्यांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून देणारं यंत्र, म्हणायची लाज वाटते.

ॲडव्हान्स घ्यायचा, ‘माल विमानतळावर अडकलाय’ म्हणायचं आणि फोन बंद करायचा, हा प्रकार आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आम्हालाही माहीत होता. इथे फोन बंद झाला नाही. माल आला, बिल आलं, वॉरंटी कार्डसुद्धा आलं. म्हणूनच हे लिहितोय, कारण माल मिळाला की पोलीस तुमचे उरत नाहीत.

करोनाची दुसरी लाट होती, एप्रिलच्या शेवटी पुण्यात बेड मिळत नव्हते. वस्तीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत रक्तातला ऑक्सिजन ८९-९० वर आलेल्या माणसाला बेड मिळेपर्यंत तग धरता यावा, यासाठी मिनिटाला पाच लिटरचं मशीन घरपोच द्यायचं आणि बरा झाला की परत आणायचं, असं काम बऱ्याच छोट्या संस्था करत होत्या. मोठ्या संस्थांकडचा परदेशी निधी आमच्यासारख्यांना मिळायची वाट एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने बंद केली होती. एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला तो पैसा द्यायचाच नाही, असा नियम आला. म्हणजे सगळी भिस्त गल्लीतल्या देणग्यांवर, आणि गल्लीतल्या देणग्यांत चूक परवडत नाही.

मशीनचा भाव ६८,५०० रुपये. आठांचे ५,४८,००० झाले. बाकीचे विक्रेते याहून जास्त सांगत होते आणि तेही ‘पंधरा दिवसांनी बघू’ म्हणत होते. आम्हाला सापडलेल्या विक्रेत्याने चार दिवसांचा वायदा केला. ३ मे रोजी निम्मे, २,७४,००० आरटीजीएसने गेले. ५ मे रोजी ‘कस्टम ड्यूटी आणि हवाई भाडं’ म्हणून १८,४०० यूपीआयने गेले. आता हसू येतं. ऑक्सिजनच्या उपकरणांवरची मूळ कस्टम ड्यूटी केंद्राने २४ एप्रिललाच माफ केली होती. सगळ्या पेपरांत छापून आलं होतं, आम्ही स्वतः ते एकमेकांना फॉरवर्ड केलं होतं.

आणि मग ७ मे, शुक्रवार संध्याकाळ. हा दिवस काही केल्या डोक्यातून जात नाही. त्याने बिल्टीचा फोटो पाठवला. ट्रान्सपोर्टची साधी पावती: नग ८, एकूण वजन ५८ किलो. ही पावती आमच्यातल्या तिघांनी पाहिली. तिघांनीही नगांचा आकडा वाचला, गाडी निघाली म्हणून सुस्कारा सोडला आणि उरलेले २,७४,००० पाठवून दिले.

आठ नग, अठ्ठावन्न किलो. एक नग सव्वासात किलोचा, तोही पॅकिंगसकट. पाच लिटरचं घरात ठेवायचं मशीन साधारण १४ ते १६ किलोचं असतं. आठांचं वजन सव्वाशे किलोच्या आसपास भरायला हवं होतं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये रेशन किट वाटताना याच माणसांनी काटा टेबलावर ठेवला होता. तूरडाळीची एक किलोची पिशवी ९२० ग्रॅम निघाली म्हणून व्यापाऱ्याला अख्खा टेम्पो परत न्यायला लावला होता. एक लिटर तेल वजनाला ९१० ग्रॅमच्या आसपास भरतं, त्यामुळे ८५० ची पाऊच दिसली की ती बाजूला काढायची, हे आमच्या सगळ्यांत लहान कार्यकर्तीलाही पाठ होतं. डाळ तोलली. मशीन तोललं नाही.

वजन का महत्त्वाचं, तेही सांगून टाकतो. या यंत्रात ऑक्सिजन ‘तयार’ होत नाही. कॉम्प्रेसर खोलीतली हवा झिओलाइट भरलेल्या दोन नळकांड्यांतून आळीपाळीने दाबून सोडतो, झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतो आणि उरतो तो ऑक्सिजन. हवेत ऑक्सिजन जेमतेम २१ टक्के. मिनिटाला पाच लिटर आणि तोही ९० टक्क्यांच्या वर काढायचा, तर त्याच्या कित्येक पट हवा ओढावी लागते. त्याला दमदार कॉम्प्रेसर लागतो, भरपूर झिओलाइट लागतं, आणि दोन्ही जड असतात. वीजही तशीच खातं, तीनशे वॅटच्या पुढे. आमच्या खोक्यांवर १२० वॅट छापलं होतं. छापलेलं होतं, लपवलेलं नव्हतं!

लेबलवर ‘१ ते ७ लिटर ॲडजस्टेबल’ असंही होतं. हे शब्द दिसले की तिथूनच मागे फिरा. असं मशीन मिनिटाला साधारण एकच लिटर ९३ टक्क्यांचा ऑक्सिजन काढतं. बटण सातवर नेलं की उरलेले सहा लिटर खोलीतली साधी हवा मिसळते. हिशोब कुणीही करू शकतो: ०.९३ अधिक सहा लिटर हवेतले १.२६, म्हणजे सात लिटरांत २.१९ लिटर ऑक्सिजन. ३१ टक्के. पाचवर ठेवलं तर ३५. दम लागलेल्या माणसाला यातून काय मिळणार?

विक्रेत्याने ऑर्डरआधी व्हिडिओ पाठवला होता. पडद्यावर ९३ चा आकडा ठळक दिसत होता. फ्लो कितीवर होता? एकवर. तोही व्हिडिओत स्पष्ट दिसतो. सगळ्यांनी ९३ पाहिले, एक कुणी पाहिला नाही. मागायचा तर असा व्हिडिओ मागा: फ्लो पाचवर, मशीन निदान पंधरा मिनिटं चालू, नळीच्या टोकाला वेगळा ऑक्सिजन मीटर, आणि मशीनवरची सिरियल नंबरची पट्टी त्याच शॉटमध्ये. पाण्याच्या बाटलीतल्या बुडबुड्यांवर विसंबू नका, बुडबुडे माशांच्या टाकीतल्या पंपानेही येतात.

माल ११ मे रोजी आला. दोन मशीन त्याच रात्री वस्तीत गेली. दोन्हीकडे बटण पाचवर असूनही पेशंटच्या ऑक्सिजनचा आकडा हलेना, म्हणून तेरा तारखेला एका हॉस्पिटलमधल्या ओळखीच्या तंत्रज्ञाकडून मीटर आणला. मशीनमधून येणारा ऑक्सिजन ३४, ३६, ३३ टक्के. दोन्ही पेशंटना आधीच हलवलं होतं, दोघंही वाचले. ते वाचले नसते तर हे लिहायचं तोंड नसतं.

मग सुरू झाली सरकारी वारी. हद्दीतलं पोलीस ठाणं म्हणालं, “पैसे ऑनलाइन दिलेत ना? सायबरला जा.” सायबरवाले म्हणाले, “माल हातात मिळालाय ना? मग सायबर कसलं? ठाण्यात जा.” परत ठाण्यात गेलो, तर साहेब बंदोबस्तावर. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले आणि म्हणाले, “हा दिवाणी वाद आहे. क्वालिटी खराब निघाली, एवढंच.” क्वालिटी! श्वास लागलेल्या माणसाला खोलीतली हवा विकली, ती क्वालिटी? बँकेने सांगितलं की एफआयआरशिवाय समोरचं खातं गोठवता येत नाही. ठाण्याने सांगितलं की आधी बँकेचं पत्र आणा. परवान्यांचं काम बघणाऱ्या कार्यालयात कळलं की १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याने ‘औषध’ ठरली खरी, पण नोंदणीला अठरा महिन्यांची सवलत आहे, म्हणून सध्या कारवाई कशाखाली करायची हा प्रश्न आहे. म्हणजे औषध आहे, पण अजून नाही. ग्राहक मंचाचं विचारलं, तर वकील म्हणाले की ट्रस्ट ‘ग्राहक’ ठरतो का, इथूनच भांडण सुरू होईल आणि त्यातच दोन वर्षं जातील. एका टेबलावर तर विचारलं, “तुम्ही समाजसेवक, मग या धंद्यात पडलात कशाला?”

ठाण्यात तोंडी बोलण्यात वेळ घालवू नका. अर्ज लेखी द्या आणि प्रतीवर पोच शिक्का घ्या. गुन्हा नोंदवत नसतील तर तोच अर्ज टपालाने उपायुक्तांना किंवा जिल्ह्यात अधीक्षकांना पाठवा, तिथेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ही कलमं १५४(३) आणि १५६(३) होती, नव्या बीएनएसएसमध्ये, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, १७३(४) आणि १७५(३) आहेत. पैसे गेल्यागेल्या कळलं तर आता सायबर फसवणुकीसाठी १९३० हा हेल्पलाइन नंबर आहे. पहिल्या काही तासांत फोन केला तर रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता येते. आमचे पहिले पैसे जाऊन दहा दिवस झाले होते.

जीएसटी नंबर आम्ही तपासला होता, हे आमच्या बाजूने सांगायला हवं. नंबर खरा होता, चालू होता. पण ‘चालू’ हा शब्द दिसताच खिडकी बंद केली. त्याच पानावर खाली धंद्याचा तपशील असतो. तिथे तयार कपडे होते. नंबरची सुरुवात ०७ ने, म्हणजे दिल्ली. खातं तिसऱ्याच राज्यातलं आणि एका व्यक्तीच्या नावावर. आरटीजीएस करताना बँक तेव्हा नाव जुळवून पाहत नसे, खाते क्रमांक बरोबर असला की पैसे जात. आधी एक रुपया आयएमपीएसने पाठवा, समोरच्याचं खरं नाव दिसेल. नाव बिलावरच्या फर्मचं नसेल तर दुसरा रुपया पाठवू नका, तो कितीही घाई करो. घाई हेच त्याचं भांडवल आहे.

आणखी एक. खरेदीचा निर्णय व्हॉट्सॲपवर अंगठे दाखवून घेऊ नका. आमच्याकडे ‘ओके’, ‘ओके’, हात जोडलेले दोन इमोजी, एवढाच ठराव होता. नंतर ऑडिटरसमोर हे स्क्रीनशॉट ठेवताना जमीन दुभंगावी असं वाटलं. तीन मिनिटांची मीटिंग घेतली असती तर कुणीतरी बिल्टी मोठ्याने वाचली असती.

देणगीदारांना जूनमध्ये पत्र पाठवलं, आकड्यासकट. दोघांनी पैसे परत मागितले, त्यांना दिले. एकांनी फक्त विचारलं, “वजन नाही केलंत?”

खोकी ऑफिसात कपाटावर आहेत. गुन्हा नोंदलेला नाही म्हणून ती मुद्देमाल नाहीत, ऑडिटर त्यांना मालमत्ता मानत नाही, आणि वस्तीत कुणी ‘मशीन आहे का’ विचारत आलं तर देता येत नाहीत. प्रत्येकावर मार्करने लिहून ठेवलंय: ‘रुग्णासाठी नाही. ७ किलो २०० ग्रॅम.’