हरमलच्या कॅफेंतून आठ महिने काम: इन्व्हर्टर आहे, पण वायफायच्या डब्याला नाही

ऑक्टोबर ते मे, अख्खा हंगाम उत्तर गोव्यातल्या हरमल, मांद्रे आणि मोरजीच्या कॅफेंत बसून काम केल्यावर हे लिहितोय. निमित्त झालं ते मेच्या पहिल्या आठवड्यातलं. ‘पूर्ण बॅकअप’ अशी पाटी असलेल्या एका कॅफेत करंट गेला. पंखे फिरत होते, दिवे चालू होते, काउंटरवर बिलं छापली जात होती आणि क्लायंटबरोबरचा कॉल मात्र तुटला. स्पीड, कॉफी, समुद्र किती पावलांवर, हे तुम्हाला ठाऊकच असेल. मला बोलायचंय ते स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या पांढऱ्या डब्याबद्दल.

पहिले दोन महिने माझं मत सरळ होतं: इन्व्हर्टर असलेलं कॅफे निवडा, काम झालं. ते मत मी मागे घेतो. इन्व्हर्टरची लाइन ओढताना इलेक्ट्रिशियन पंखे, दिवे आणि गल्ला एवढंच त्यावर घेतो. फायबर इंटरनेट नंतर येतं. फायबरवाला आत शिरतो तिथल्या पहिल्या रिकाम्या प्लगला ओएनटी, म्हणजे फायबरमधल्या प्रकाशाचं नेट करणारा तो पांढरा डबा, लावून जातो, आणि तो प्लग बहुधा मिक्सर-फ्रिजच्या साध्या लाइनवरचा असतो. म्हणून ‘इन्व्हर्टर आहे का?’ या प्रश्नाला ‘आहे’ हे उत्तर खरंच असतं, पण आपल्या उपयोगाचं नसतं. विचारायचं असं: ‘बाब, करंट गेल्यावर वायफायच्या डब्याचे दिवे चालू राहतात?’ याचं उत्तर वेटरला माहीत नसतं, ते किचनमधल्या माणसाला माहीत असतं.

याचा एवढा राग येण्याचं कारण म्हणजे फायबरला रस्त्यावर विजेची गरजच नसते. एक्स्चेंजपासून कॅफेपर्यंत काचेतून नुसता प्रकाश येतो, मधले स्प्लिटर, म्हणजे तो प्रकाश अनेक घरांत वाटणारे जोड, विजेविना चालतात. एक्स्चेंजला बॅटरी असते. म्हणजे गावभर अंधार असला तरी कॅफेतल्या डब्याला १२ व्होल्ट मिळाले की नेट चालू. बहुतेक ओएनटी १२ व्होल्ट, १ किंवा १.५ अँपियरचे असतात आणि प्रत्यक्षात ७-८ वॉट खातात. एका एलईडी बल्बइतकी वीज, आणि तेवढ्यासाठी दहा जणांचं काम थांबतं.

करंट गेल्यावर काय बिघडलंय ते फोनवरच कळतं. वायफायचं नाव दिसतंय पण नेट नाही, म्हणजे राउटर इन्व्हर्टरवर आहे आणि ओएनटी बंद आहे. नाव गायब होऊन दोन-तीन मिनिटांनी परत आलं, तर दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत, पण लाइन बदलतानाच्या झटक्यात डबा रीस्टार्ट झाला. यावर फुकट उपाय आहे: बहुतेक इन्व्हर्टरना मोड बदलायचं बटण असतं, ते यूपीएसवर करायला सांगा. बदल इतका झटपट होतो की डब्याला पत्ता लागत नाही. फक्त जिथे व्होल्टेज १८० च्या खाली जातं, तिथे यूपीएस मोड लगेच बॅटरीवर जातो आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी उतरते. तिसरा प्रकार म्हणजे वीज आहे, पण डब्यावर लाल ‘लॉस’ दिवा लुकलुकतोय. मग वाट बघू नका. बहुधा बाहेर कुठेतरी माडाची झावळी पडून वायर तुटलेली असते आणि जोडारी येईपर्यंत दिवस जातो.

एका डब्याचं जवळून वर्णन करतो, कारण असे बरेच बघितले. चिऱ्याच्या खांबाला एका खिळ्यावर टांगलेला, वर फोडणीच्या तेलाचा चिकट थर, हवेच्या फटी बुजलेल्या, त्यामुळे हाताला गरम. पिवळी पॅचकॉर्ड, म्हणजे डब्यात येणारी फायबरची वायर, त्याच खिळ्यावरून काटकोनात वाकवलेली. फायबर असं मुडपलं की प्रकाश वळणावर गळतो आणि नेट पूर्ण जात नाही, नुसतं रखडतं. कॉर्ड ऐसपैस गोल वळणात सोडली आणि डबा फडक्याने पुसला की फरक पडतो. हे मालकाला विचारून, त्याच्यासमोरच करा. त्याच चिऱ्याच्या भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पोचत नाही, तिथे २.४ वर बसावं लागतं. झावळ्यांच्या छपराचा मात्र त्रास नाही.

आता उपाय. राउटरसाठी मिनी यूपीएस, म्हणजे करंट गेल्यावर वीज देणारी छोटी बॅटरी, मिळतो, म्हापशाच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत मिळेल. त्यावरचा बॅटरीच्या क्षमतेचा आकडा बघून फसू नका. ८८०० एमएएच लिहिलेलं असतं ते ३.७ व्होल्टला, म्हणजे साधारण ३२ वॉट-तास. वाया जाणारं सोडलं तर २६ हाती येतात. एकटा ओएनटी असेल तर तीन तास, त्याला वेगळा राउटर जोडलेला असेल तर जेमतेम पावणेदोन. ओएनटीच्या अडॅप्टरची पिन ५.५ बाय २.१ मिलिमीटर आहे की २.५ ते मोजून घ्या, आणि मधली पिन पॉझिटिव्ह असल्याची खूण अडॅप्टरवर बघा. राउटर ९ व्होल्टचा असेल तर १२ व्होल्टच्या पिनला लावू नका, जळू शकतो. पॉवर बँकवरून १२ व्होल्ट देणाऱ्या केबल मिळतात, पण ५ व्होल्ट २ अँपियरच्या पॉवर बँकेतून ७-८ वॉटच निघतात. डबा सुरू होतो आणि वायफायवर चार लोक चढले की पुन्हा बंद पडतो. त्या केबलवर पैसे घालू नका.

हंगामाच्या मध्यावर दोन कॅफेंनी मिनी यूपीएस बसवले, आणि माझं त्या दोन्ही जागांबद्दलचं मत पूर्ण बदललं. एकाची कॉफी पाणचट आहे, तरी आता आठवड्यातले चार दिवस तिथेच.

स्वतःजवळ दुसऱ्या कंपनीचं सिम हवंच. हॉटस्पॉटऐवजी यूएसबी टेदरिंग करा, फोन गरम कमी होतो आणि चार्जही होत राहतो. तासाभराच्या ग्रुप व्हिडिओ कॉलला अंदाजे १ जीबी धरा. नाताळ ते नववर्ष मोबाइलवर अवलंबून राहू नका, टॉवरवर गर्दी इतकी की मेसेजसुद्धा अडकतात.

बसायची जागा: किनारा पश्चिमेला आहे. समुद्राकडे पाठ केली तर कॅमेऱ्यात नुसती सावली दिसते आणि दुपारी तीननंतर ऊन थेट स्क्रीनवर. उत्तर-दक्षिण बसा. दुपारचा खारा वारा माइकमध्ये घुमतो, म्हणून महत्त्वाचे कॉल सकाळी अकराच्या आत. दोन पिनांच्या चार्जरला लॅपटॉप लावला की धातूच्या बॉडीला टेकलेल्या हाताला मुंग्या येतात, अर्थिंग नसल्याने. ओल्या फरशीवर चप्पल काढू नका, तीन पिनांची वायर वापरा.

खाऱ्या हवेबद्दल एवढंच की चार्जिंग चालू असलेल्या दमट यूएसबी-सी पिनेवर हिरवा थर चढतो. चार्जर भिंतीतून काढा, लॅपटॉप बंद करा, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशने लावा आणि अर्धा तास सुकू द्या. महिन्यातून एकदा.

खर्चाचं गणित साधं ठेवलंय. सकाळचा भाजी-पाव आणि चहा गावातल्या हॉटेलात, कॅफेत फक्त कॉफी आणि दुपारचं जेवण. बिलावर ५ टक्के जीएसटी बरोबर आहे, सेवा शुल्क आपोआप लावलं असेल तर काढायला सांगा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते सक्तीने लावता येत नाही. पण तीन तास टेबल अडवून एका कॉफीवर बसणंही योग्य नाही. डब्याला बॅकअप देणाऱ्या मालकाकडे मी दर दोन तासांनी काहीतरी मागवतो.

मेअखेरीस शॅक मोडतात आणि किनाऱ्यावरची बरीच कॅफे ऑक्टोबरपर्यंत बंद होतात. पावसाळ्यात राहणार असाल तर रस्त्याकडेची, पक्क्या छपराची कॅफे आताच बघून ठेवा, आणि आत जाऊन पहिल्यांदा तो पांढरा डबा कुठल्या प्लगला लावलाय ते बघा.