जुने सिंगर हातमशीन: सहा महिन्यांच्या वापरानंतर

जुनी शिलाई मशीन दुरुस्त करून विकणाऱ्या एका दुकानातून मी सहा महिन्यांपूर्वी सिंगरचे 99 क्रमांकाचे हातमशीन घेतले. उजवीकडे ठोकलेला अनुक्रमांक ‘वाय’ने सुरू होतो, म्हणजे ते 1920 ते 1935 च्या सुमारास स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्यात तयार झाले.

मांजरपाटाची चारपदरी घडी असो वा विरलेली सुती साडी, टीप एकसारखी पडते. मात्र उजवा हात हँडलवर गुंतत असल्याने कापड एकट्या डाव्या हाताने सरकवावे लागते, आणि उलटी टीप नसल्यामुळे शिवण संपताना कापडच फिरवून तीनचार टाके परत घालावे लागतात. काज किंवा पिकोची अपेक्षा यात ठेवू नये.

सुई मात्र आजच्या घरगुती मशीनचीच बसते. तिचे नेढे टोकाशी असते. सुई वर उचलली जाताना कापडाखाली दोऱ्याचा फास होतो आणि हूक तो पकडून खालच्या दोऱ्याच्या बॉबिनभोवती फिरवतो. टोकाशी नेढे आणि दुसरा दोरा, या जोडणीचे अमेरिकन पेटंट एलियास होव यांनी 1846 मध्ये घेतले. आयझॅक सिंगर यांचे पेटंट 1851 चे. पुढे कोर्टकज्जे इतके वाढले की 1856 मध्ये प्रमुख उत्पादकांनी आपापली पेटंटे एकत्र केली. त्याच वर्षी सिंगर यांचे भागीदार एडवर्ड क्लार्क यांनी मशीन हप्त्यावर विकायला सुरुवात केली, आणि माझ्या मते सुईपेक्षाही या हप्त्यानेच ते सामान्य घरांत पोचवले. व्हीलर अँड विल्सन कंपनीच्या त्या काळच्या आकड्यांनुसार हाताने 14 तास 26 मिनिटे लागणारा सदरा मशीनवर 1 तास 16 मिनिटांत होई. आकडे विकणाऱ्याचेच असल्याने थोडी सूट द्यावी. शिवाय वाचलेल्या वेळाचा मोबदला शिवणाऱ्या बायकांच्या पदरात क्वचितच पडला, कारण नगामागची मजुरीही उतरली.

तक्रार दुकानदाराबद्दल आहे. त्याने सोबत दिलेल्या बॉबिन दुसऱ्याच मॉडेलच्या होत्या, त्यामुळे पहिला आठवडाभर कापडाखाली दोऱ्याचा गुंता होत राहिला आणि मी उगाचच टेन्शनचा स्क्रू पिळत बसलो. योग्य मापाच्या बॉबिन घालताच गुंता थांबला. घेणाऱ्याने सरकती पट्टी उघडून बॉबिन तिथेच बसवून पाहावी, आणि चिंधीवर वीतभर टीप मारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.