आठ महिने पुराच्या सिम्युलेशनसोबत: पाणी कुठवर, यापेक्षा निर्णय कधीपर्यंत

नदीकाठच्या एका शहराच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी मी हेक-रास या सॉफ्टवेअरमध्ये पुराचं द्विमितीय मॉडेल बांधलं, म्हणजे पाणी नदीच्या लांबीसोबत आडवंही कसं पसरतं ते दाखवणारं. त्यावर एक अख्खा पावसाळा काढला. एका रात्री त्याच्या आधारावर रुग्णालय रिकामं करायचा निर्णयही झाला. अशा वेळी निर्णय घेणाऱ्याच्या शेजारी बसून ज्यांना मॉडेल चालवायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सॉफ्टवेअर कसं चालवायचं ते इतरत्र भरपूर सापडेल.

तरी थोडी ओळख. हेक-रास अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी दलाच्या जलविज्ञान केंद्रात तयार होतं. हे केंद्र कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस गावात आहे. पहिली आवृत्ती 1995 ची. द्विमितीय प्रवाह 2016 च्या 5.0 आवृत्तीपासून आला. ते कुणालाही मोफत मिळतं, आणि जगभर नद्यांवर काम करणारी माणसं ते वापरतात म्हणून अडलं तर विचारायला कुणीतरी असतं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे जमिनीवर टाकलेल्या जाळीचे चौकोन, म्हणजे सेल, मोठे घेतले तरी ते जमिनीचा बारकावा विसरत नाही. पाणी अमुक उंचीला आलं तर या सेलमध्ये किती मावेल, हे ते आधीच मोजून ठेवतं. त्यामुळे 60 मीटरच्या सेलमध्येही 5 मीटरचा ओढा जिवंत राहतो.

पण याच सोयीने मला पहिला फटका दिला, आणि त्यात चूक माझीच होती. एका सेलमध्ये पाण्याची पातळी एकच असते. शहराच्या पूर्वेला रस्त्याचा उंच भराव आहे. मी जाळी टाकताना भरावाच्या माथ्यावरून ब्रेकलाइन, म्हणजे सेलच्या कडा माथ्यावर आणणारी रेघ, काढली नाही, म्हणून भराव सेलच्या मधोमध पडला. पाणी भरावाच्या वर न चढताच पलीकडे दिसू लागलं. पहिल्या सादरीकरणात मी ती वस्ती पाण्याखाली दाखवली. तिथलाच एक कर्मचारी म्हणाला, "मॅडम, तिथे आजवर कधी पाणी आलेलं नाही, भराव आडवा आहे ना." मी रात्री घरी जाऊन जाळी उघडली तेव्हा कळलं. ब्रेकलाइन काढली आणि वस्ती कोरडी झाली. मग त्याच माणसाने विचारलं, "आणि भरावाखालची मोरी?" मोरी मॉडेलमध्ये नव्हतीच. ती घातल्यावर अर्धी वस्ती पुन्हा ओली झाली. यावेळी बरोबर कारणाने. त्यानंतर मी कुठलाही नकाशा त्या भागात राहणाऱ्या किमान दोघांना दाखवल्याशिवाय पुढे पाठवला नाही.

जमिनीच्या उंचीबद्दल एवढंच सांगते की फुकट मिळणाऱ्या जागतिक उंचीनकाशांवर शहराचा निर्णय घेऊ नका. त्यांतल्याच एसआरटीएम या रडारने केलेल्या नकाशाचं मोजमाप फेब्रुवारी 2000 मध्ये, अंतराळयानाच्या 11 दिवसांच्या उड्डाणात झालं. रडारला झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरंही जमीन म्हणून दिसतात. डोंगरात ते खपून जाईल, सपाट पूरमैदानात एका मीटरची चूक म्हणजे कित्येक गल्ल्या. आम्ही विमानातून केलेलं लायडार, म्हणजे लेसरने उंची मोजणारं, सर्वेक्षण मिळेपर्यंत थांबलो आणि ते थांबणं योग्य होतं.

कॅलिब्रेशनला, म्हणजे मॉडेल जुन्या पुराशी जुळवून घ्यायला, जास्त वेळ गेला. जुन्या पुराच्या भिंतींवरच्या खुणा घेतल्या, मॅनिंगचा खडबडीतपणाचा गुणांक (जमीन पाण्याला किती अडवते ते सांगणारा आकडा) नदीपात्रात 0.03 च्या आसपास आणि झाडीत 0.1 पर्यंत नेला, खुणा जुळल्या. मला फार समाधान वाटलं. आता वाटतं की ते समाधान थोडं लवकर झालं. ज्या पुराच्या खुणा जुळल्या तो मध्यम पूर होता. खरा प्रश्न त्याच्या दीडपट विसर्गाचा. तेव्हा पाणी पात्र सोडून घरांच्या मधून वाहतं, पुलाचा तळ पाण्याला लागतो, वाहून आलेली झाडं कमानींत अडकतात. मध्यम पुरात खरं ठरलेलं मॉडेल टोकाच्या पुरात खरं ठरेलच असं नाही, कारण नदीच तेव्हा वेगळी वागते. म्हणून आम्ही प्रत्येक विसर्ग तीनदा चालवला: पूल मोकळा, पूल अर्धा तुंबलेला, पूल जवळपास बंद. काही ठिकाणी पूल तुंबण्याचा फरक विसर्गातल्या मोठ्या वाढीइतका निघाला. हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. पहिले तीन महिने मी एकच आकडा देत होते: पाणी इतक्या पातळीपर्यंत येईल. सोबत निळ्या रंगाचं हलतं चित्र. सगळे ते बघत, माना डोलावत. मग एका बैठकीत नियंत्रण कक्षाच्या प्रमुख म्हणाल्या, "चित्र छान आहे गं, पण गाड्या किती वाजता सोडू ते सांग. आणि तुझा आकडा चुकला तर मी काय करू?"

माझ्याकडे दोन्हीचं उत्तर नव्हतं. त्या आठवड्यात मी 1997 च्या रेड नदीच्या पुराबद्दल पुन्हा वाचलं. अमेरिकेतल्या ग्रँड फोर्क्स शहराला 49 फुटांचा अंदाज मिळाला होता. लोकांनी त्याच्यावर थोडी जागा ठेवून तट उंच केले. पाणी 54 फुटांच्या वर गेलं आणि शहर बुडालं. अभूतपूर्व पुरात अंदाज एवढा चुकू शकतो, यात जगावेगळं काही नाही. पण 49 हा आकडा एकटा हातात आला की तो वचनासारखा वाटतो. 49 किंवा 54 असं सांगितलं असतं, तर तट कितीपर्यंत पुरेल आणि माणसं केव्हा हलवायची हा विचार तरी झाला असता.

मग आम्ही काम उलटं केलं. आधी निर्णयांची यादी केली: रुग्णालय हलवणं, खालच्या तीन वस्त्या हलवणं, पंपगृहाची वीज तोडणं, मोठा रस्ता बंद करणं. प्रत्येक निर्णयाला प्रत्यक्षात किती तास लागतात ते त्या-त्या माणसाला विचारलं. रुग्णालयाला सात तास. रुग्णालयाचा रस्ता सर्वात सखल जागी 30 सेंटिमीटर पाण्याखाली गेला की तो बंद धरायचा, कारण तेवढं वाहतं पाणी बहुतेक मोटारी वाहून नेऊ शकतं. वरच्या मोजमाप केंद्रापासून पुराचा माथा शहरात यायला साधारण नऊ तास. नऊमधून सात गेले, विचार करायला दोन उरले. ही वजाबाकी कागदावर मांडली तेव्हा खोलीत शांतता झाली.

दोन तासांत नवीन रन होत नाही. सेलचा आकार निम्मा केला की सेल चौपट होतात आणि वेळेचं पाऊलही निम्मं करावं लागतं, म्हणजे गणित सुमारे आठपट. आमची बारीक जाळी रात्रभर चालते. त्यामुळे आम्ही आधीच 96 परिस्थिती चालवून ठेवल्या: आठ विसर्ग, पुलाच्या तीन अवस्था, आणि तट शाबूत किंवा तीनपैकी एका जागी फुटलेला. तट फुटण्याची रुंदी आणि लागणारा वेळ मॉडेल स्वतः सांगत नाही, तो आपण द्यायचा असतो. सगळ्यात मोठा अंधार तिथेच आहे. प्रत्यक्ष घटनेत आम्ही फक्त जवळची परिस्थिती शोधतो. ते पाच मिनिटांचं काम.

दुसरी गोष्ट म्हणजे उंबरठे. युरोपीय हवामान केंद्राच्या समूह अंदाजात एकाच वेळी 51 वेगवेगळे अंदाज, म्हणजे 51 शक्यता असतात. त्यांतल्या किती शक्यतांमध्ये रस्ता बुडतो हे मोजता येतं. मग प्रश्न उरतो की किती झाल्या म्हणजे हलायचं. याचं साधं गणित जुनं आहे: हलवण्याचा खर्च भागिले न हलवल्यास होणारं नुकसान. रस्ता बुडणाऱ्या शक्यतांचं प्रमाण त्याहून मोठं झालं की हला. रुग्णालयासाठी हे गुणोत्तर लहान, म्हणून उंबरठा 10 टक्के. वस्त्यांसाठी 30 टक्के. हे आकडे कोरड्या दिवशी, सगळ्यांनी बसून ठरवले आणि त्यावर सह्या झाल्या. माझ्या मते या आठ महिन्यांतलं सर्वात मोलाचं काम हेच होतं, आणि त्यात सॉफ्टवेअरचा हात फारसा नव्हता.

ती रात्र आली तेव्हा वरच्या केंद्राची पातळी भराभर चढत होती. 51 पैकी 14 शक्यतांमध्ये रस्ता बुडत होता, म्हणजे 27 टक्के. रुग्णालय हललं, वस्त्यांना तयार राहायला सांगितलं पण हलवलं नाही. पहाटेच्या अंदाजात 14 च्या 6 झाल्या. पाणी रस्त्याच्या 40 सेंटिमीटर खाली थांबलं. दुसऱ्या दिवशी रुग्णांच्या नातेवाइकांचा राग आम्ही ऐकला. तो चुकीचा नव्हता, अशक्त माणसाला रात्री हलवणं सोपं नसतं. प्रमुखांनी त्यांच्यासमोर सह्यांचा तो कागद ठेवला आणि सांगितलं की दहापैकी सातदा असंच होईल, तरी आम्ही हलवू. आम्ही असं बोलू शकलो कारण उंबरठा त्या रात्री कुणाच्या मनात आला म्हणून ठरलेला नव्हता.

आणखी एक बदल आम्ही फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या अपघातामुळे केला. मार्च 2011 मध्ये जपानकडे किरणोत्सर्ग कुठे पसरेल हे दाखवणारी स्पीडी नावाची यंत्रणा होती. अणुभट्टीतून नेमकं किती बाहेर पडतंय याची माहिती मिळाली नाही, म्हणून तिने एक एकक बाहेर पडतंय असं गृहीत धरून दिशा काढली. ते निकाल लोकांपर्यंत वेळेवर पोचले नाहीत. पहिला नकाशा 23 मार्चला जाहीर झाला. तोवर नामिए गावातले कित्येक जण वायव्येला, नेमके ढगाच्या वाटेवर जाऊन राहिले होते. अपुरं उत्तर होतं, पण दिशा होती. म्हणून आमच्या 96 परिस्थितींचा एक-एक छापील कागद आता कक्षाच्या भिंतीवर आहे, वीज आणि नेटवर्क गेलं तरी वाचता येईल असा. त्यावर नकाशा छोटा आणि वेळा मोठ्या अक्षरात आहेत. हलतं चित्र मी आता बैठकीत दाखवत नाही. ते पाहिलं की लोक त्या एकाच पुरावर विश्वास ठेवतात.

वापरावं का? वापरावं. पण निम्मा वेळ मॉडेलला द्या आणि निम्मा प्रत्येक निर्णयाला किती तास लागतात ते विचारत फिरण्यात घालवा. पुलांच्या कमानींचं नवीन मोजमाप मागच्या आठवड्यात आलं आहे. मधली कमान आम्ही धरली होती त्याहून अरुंद निघाली. 96 रन पुन्हा लावले आहेत. रुग्णालयाच्या कागदावरचे दोन तास कदाचित दीड होतील, म्हणून त्यांच्या प्रशासकांना आजच फोन केला.