आधी करार की आधी प्रवेश : जर्मनी आणि कॅनडा

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने १९५७ मध्ये अभियांत्रिकीचे वर्ग सुरू केले, तेव्हापासून तिथे शिक्षण आणि पगारी काम आलटूनपालटून चालते. आज हा क्रम साधारण चार-चार महिन्यांचा आहे. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात १९७४ पासून चाललेल्या व्यावसायिक अकादमींचे २००९ मध्ये विद्यापीठ झाले, आणि तिथे हीच फेरी तीन-तीन महिन्यांची असते.

खरा फरक कालावधीत नसून काम देणारी कंपनी कधी ठरते, यात आहे. जर्मनीत प्रवेशाआधीच कंपनीशी करार करावा लागतो आणि मग पदवीची तिन्ही वर्षे, व्याख्यानांच्या महिन्यांतही, ठरलेले वेतन दरमहा खात्यात जमा होते. घरी पैशांची ओढाताण असलेल्या मुलीसाठी ही हमी फार मोलाची आहे. मात्र त्यासाठी बारावीच्या वयातच एका कंपनीशी बांधून घ्यावे लागते, आणि आपल्याकडच्या मुलांना त्याआधी उत्तम जर्मन यावे लागते.

वॉटर्लूत प्रवेश आधी, आणि मग कामाच्या दर खेपेला नवे अर्ज, नव्या मुलाखती. परीक्षा संपताच खोली रिकामी करायची, भांडीकुंडी मैत्रिणीकडे ठेवायची आणि कामासाठी अनेकदा दुसरे शहर गाठायचे. पदवीला जवळपास पाच वर्षे लागतात, परदेशी विद्यार्थ्यांचे शुल्कही जड असते. तरीही आपल्याला कोणते काम मानवत नाही, हे पदवीआधीच कळण्याची संधी मला अधिक महत्त्वाची वाटते. शुल्क झेपत असेल तर मी वॉटर्लूच सुचवेन.