ब्लॉगरची शेअर बटणे: व्हॉट्सॲपवर लेख पाठवणाऱ्या वाचकाच्या नजरेतून

मराठी ब्लॉगवरच्या शेअर बटणाची स्पर्धा दुसऱ्या कोणत्याही बटणाशी नसून ती ‘कॉपी-पेस्ट’शी आहे, हे आधी मान्य करायला हवे. लेख आवडला की आपला वाचक मजकुरावर बोट दाबून धरतो, सगळा मजकूर निवडतो आणि नातेवाइकांच्या किंवा शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चिकटवतो. तिथून तो पुढे जाईपर्यंत लेखकाचे नाव गळून गेलेले असते आणि काही महिन्यांनी तोच लेख एखाद्या दिवंगत नामवंताच्या नावावर फिरत फिरत आपल्याच फोनवर परत येतो. मी रानभाज्यांविषयी लिहितो. टाकळ्याची भाजी कशी निवडावी याबद्दलचा माझा मजकूर मला ‘जसा आला तसा पाठवत आहे’ अशा शेऱ्यासह तीनदा मिळालेला आहे. त्यामुळे मजकूर उचलण्यापेक्षा लिंक पाठवणे वाचकाला सोपे वाटते का, या एकाच कसोटीवर मी ‘ब्लॉगर’ या गूगलच्या ब्लॉगसेवेच्या बटणांकडे पाहिले.

ब्लॉगर १९९९ मध्ये सुरू झाले आणि २००३ मध्ये गूगलकडे आले. सेवा फुकट आहे आणि सर्व्हर सांभाळण्याची कटकट नाही. शिवाय फुकट सेवांमध्ये सहसा न मिळणारी एक मोकळीक इथे आहे, ती म्हणजे थीमचा, म्हणजे ब्लॉगच्या रूपाच्या साच्याचा, मूळ कोड उघडून त्यात हवा तो बदल करता येतो. या मोकळिकीचे मोल पुढे कळते. तूर्त तयार बटणांविषयी बोलू.

ती चालू करणे अगदी सोपे आहे. डॅशबोर्डवरील लेआउटमध्ये जाऊन ब्लॉग पोस्टच्या गॅजेटवरची पेन्सिल दाबायची, शेअर बटणे दाखवण्याच्या चौकटीत खूण करायची आणि जतन करायचे. जुन्या धाटणीच्या थीममध्ये यानंतर लेखाखाली पाच चिमुकली राखाडी चिन्हे उमटतात: ईमेल, ‘ब्लॉगधिस’, एक्स, फेसबुक आणि पिंटरेस्ट. ‘ब्लॉगधिस’ म्हणजे वाचकाने स्वतःच्या ब्लॉगवर या लेखाची नोंद घ्यावी यासाठीचे बटण. ज्या काळात ब्लॉगलेखक एकमेकांच्या लेखांवर आपापल्या ब्लॉगवर लिहीत असत, त्या काळाची ही खूण आहे आणि जुन्या वाड्याच्या ओसरीवर राहून गेलेल्या पानाच्या तबकासारखी ती अजून तिथेच आहे. पिंटरेस्टचा उपयोग पाककृती आणि विणकामाच्या ब्लॉगना थोडाफार होत असेल. व्हॉट्सॲप मात्र या पाचांत नाही. शिवाय ही चिन्हे इतकी बारीक आणि परस्परांना इतकी खेटून आहेत की फोनवर अंगठ्याने नेमके हवे ते दाबणे हेही कौशल्याचे काम ठरते.

२०१७ मध्ये आलेल्या काँटेम्पो, सोहो, एम्पोरिओ आणि नोटेबल या थीममध्ये परिस्थिती बरी आहे. तिथे शेअरचे एकच चिन्ह असते आणि ते दाबल्यावर यादी उघडते. तीत ‘लिंक मिळवा’ आणि ‘इतर ॲप्स’ असे दोन उपयोगाचे पर्याय आहेत. ‘इतर ॲप्स’ दाबले की फोनचा स्वतःचा शेअर फलक वर येतो आणि तिथे व्हॉट्सॲप असते. म्हणजे वाट आहे, पण आधी चिन्ह, मग यादी, मग फलक आणि मग माणूस किंवा ग्रुप अशी ती लांबची आहे, आणि ‘इतर ॲप्स’ या शब्दांआड व्हॉट्सॲप दडलेले आहे हे साठी ओलांडलेल्या वाचकाला कोणी सांगितल्याशिवाय कळणे कठीण आहे. थीम बदलण्याची तयारी असेल त्यांनी निदान एवढे तरी जरूर करावे.

माझे समाधान झाले ते हाताने घातलेल्या साध्या लिंकने. व्हॉट्सॲपने यासाठी ‘डब्ल्यूए डॉट एमई’ हा छोटा पत्ता दिलेला आहे. त्यापुढे प्रश्नचिन्ह, ‘टेक्स्ट’ हा इंग्रजी शब्द आणि बरोबरचे चिन्ह लिहून लेखाचे शीर्षक व पत्ता जोडला की फोनवर थेट व्हॉट्सॲप उघडते आणि संदेश आधीच लिहिलेला मिळतो. संगणकावर मध्ये एक पान येते आणि तिथून पुढे जाता येते. ब्लॉगरच्या थीममध्ये प्रत्येक लेखाचे शीर्षक आणि पत्ता आपोआप भरणारे डेटा-टॅग आहेत, त्यामुळे ही ओळ एकदाच लिहावी लागते आणि जुन्या लेखांनाही ती लागू होते. लेखाचा मजकूर छापणारा टॅग जिथे संपतो तिथे ती चिकटवायची. मात्र जुन्या थीममध्ये हा टॅग एकाहून अधिक ठिकाणी आढळतो, त्यांतला एक मोबाइलच्या रूपासाठी असतो, आणि चुकीच्या जागी चिकटवले तर काहीच दिसत नाही म्हणून माणूस उगाच डोके धरून बसतो. थीमचा कोड एक्सएमएल पद्धतीचा असल्यामुळे त्यात मोकळे ‘अँड’ चिन्ह (&) लिहिले तर जतनच होत नाही, ते संकेतरूपात लिहावे लागते; आणि शीर्षकातच ते चिन्ह किंवा हॅश (#) असेल तर व्हॉट्सॲपमधला संदेश तिथेच तुटतो. हात लावण्यापूर्वी थीमचा बॅकअप उतरवून घ्यावा, हे सांगायलाच नको, पण मी पहिल्या वेळी घेतला नव्हता. बटणावर मी चित्र ठेवले नाही; ‘व्हॉट्सॲपवर पाठवा’ असे ठळक शब्द ठेवले, कारण शब्द वाचता येतात आणि चिन्हाचा अर्थ लावावा लागतो.

पण बटण दाबल्यावर जे जाते ते धड नसेल, तर बटणाचा काय उपयोग? व्हॉट्सॲपमध्ये लिंकसोबत दिसणारे शीर्षक, चित्र आणि दोन ओळी या ‘ओपन ग्राफ’ नावाच्या टॅगांमधून येतात. ही पद्धत फेसबुकने २०१० मध्ये आणली. ब्लॉगर हे टॅग स्वतः तयार करते, पण त्या दोन ओळींसाठी सेटिंग्जमध्ये शोध-वर्णनाची, म्हणजे शोधयंत्रांसाठीच्या थोडक्या वर्णनाची, सोय चालू करावी लागते आणि मग प्रत्येक लेखासाठी १५० अक्षरांपर्यंतचे वर्णन लिहावे लागते. बहुतेक मराठी ब्लॉगवर ही सोय बंदच दिसते.

पत्त्याचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. ब्लॉगर शीर्षकातून पत्ता बनवताना देवनागरी अक्षरे सरळ गाळून टाकते, त्यामुळे ‘टाकळ्याची भाजी’ या लेखाचा पत्ता ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि त्यापुढे एखादा आकडा असा निरर्थक होतो. उपाय एकच: प्रसिद्ध करण्यापूर्वी पर्मालिंकच्या, म्हणजे लेखाच्या कायमच्या पत्त्याच्या, जागी रोमन लिपीत दोन-तीन शब्द स्वतः लिहावेत, लेख प्रसिद्ध झाल्यावर ते सहज बदलता येत नाहीत. आणि शेअर करताना पत्ता ब्लॉगरच्या मूळ ‘ब्लॉगस्पॉट डॉट कॉम’चाच जावा. २०१२ पासून काही वर्षे भारतातल्या वाचकांना ‘डॉट इन’ असा पत्ता दिसत असे आणि तोच कॉपी होऊन फिरत असे. २०२० मध्ये ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’ हे नाव गूगलच्या हातून निसटले आणि त्या पत्त्याने पाठवलेल्या जुन्या लिंका एकाएकी निकामी झाल्या. ब्लॉग जिवंत आणि त्याकडे जाणारी वाट बंद, असा तो प्रकार होता. म्हणून ब्राउझरमधला पत्ता न वापरता लेखाचा अधिकृत पत्ता देणारा कॅनॉनिकल टॅग बटणात वापरणे मला जास्त सुरक्षित वाटते.

कोडला हात लावायची भीती वाटत असेल तर तयार शेअर बटणे देणाऱ्या बाहेरच्या सेवा आहेत. ॲडटूएनी ही त्यांतली चांगली आहे: खाते उघडावे लागत नाही, व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम दोन्ही मिळतात आणि ब्लॉगरसाठी तयार मार्गदर्शन आहे. तरीही अशा सेवेचा स्क्रिप्ट, म्हणजे बटणे चालवणारा कोड, दुसऱ्याच्या सर्व्हरवरून येतो, हे लक्षात ठेवावे लागते. एकेकाळी असंख्य संकेतस्थळांवर दिसणारी ॲडधिस ही सेवा ओरॅकल या कंपनीने २०१६ मध्ये विकत घेतली आणि ३१ मे २०२३ रोजी बंद केली. तिच्या भरवशावर असलेल्या पानांवरची बटणे त्या दिवसानंतर राहिली नाहीत. मी स्वतः एका वेगळ्याच सेवेची पट्टी वर्षभर वापरली. ती फोनच्या तळाशी चिकटून बसायची आणि लेखाच्या शेवटच्या दोन ओळी झाकायची, म्हणजे जिथे शेअर करण्याची इच्छा होते नेमकी तीच जागा. वाचकांच्या माहितीचा मुद्दाही आहेच. युरोपीय संघाच्या न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये असा निवाडा दिला की फेसबुकचे ‘लाइक’ बटण आपल्या पानावर बसवणारा संकेतस्थळाचा मालक, त्यातून माहिती गोळा होऊन फेसबुककडे जाण्यापुरता, फेसबुकसोबत जबाबदार ठरतो. साध्या लिंकच्या बटणात ही भानगड नाही. वाचकाने दाबेपर्यंत ते कोणालाही काहीही कळवत नाही.

वर्डप्रेस डॉट कॉम ही दुसरी ब्लॉगसेवा वापरणाऱ्यांचे काम पुष्कळ सोपे आहे. तिथल्या यादीत व्हॉट्सॲप आहे, कोडला स्पर्श करावा लागत नाही, आणि ब्लॉक थीम, म्हणजे सुट्या तुकड्यांनी रचायची थीम, असेल तर शेअर बटणांचा ब्लॉक लेखाच्या साच्यात एकदा ठेवला की झाले. पण तिथे देवनागरी पत्ता गाळला जात नाही, तर तो संकेतरूपात जातो, आणि देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हामागे नऊ रोमन अक्षरे खर्च होतात. ‘टाकळ्याची भाजी’ हे दोन शब्द पत्त्यात तब्बल ११८ अक्षरांचे होतात आणि टक्केचिन्हांची ती माळ पाहून ग्रुपवरच्या सावध काकांना ती फसवणुकीची लिंक वाटते. त्यामुळे पत्त्याचे शब्द रोमन लिपीत स्वतः लिहिण्याचा नियम तिथेही सुटत नाही.

माझ्या ब्लॉगवर आता लेखाखाली फक्त दोन बटणे आहेत. पिंटरेस्ट, एक्स आणि ‘ब्लॉगधिस’ काढले. फेसबुकही काढले, कारण तिथे मी स्वतः लेख टाकतोच. व्हॉट्सॲपच्या शेजारी ईमेल मात्र ठेवले आहे. अमेरिकेत मुलाकडे राहायला गेलेल्या एका वाचक आजी दर आठवड्याला नवा लेख आपल्या बहिणीला ईमेलनेच पाठवतात, आणि त्यांना पुन्हा नवीन काही शिकवण्याची माझी हिंमत नाही.