सेकंड-हँड एसयूव्हीचं एक वर्ष, आणि वळणावर येणारी ती खरखर

गेल्या नोव्हेंबरात घेतली तेव्हा गाडीच्या मीटरवर ९४,००० किलोमीटर होते, आज १,०९,००० आहेत. २०१३ चं मॉडेल, डिझेल, सात सीट, शिडीसारख्या चासीवर बांधलेली आणि मागच्या चाकांवर चालणारी. हे 'मागच्या चाकांवर' लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जे सांगायचंय ते एका कंपनीपुरतं नाही.

मी वाईला राहते, शेत भिलारला. आठवड्यातून चार-पाचदा पसरणी घाट चढायचा आणि उतरायचा. हिवाळ्यात स्ट्रॉबेरीचे क्रेट, पावसाळ्यात रोपांचे ट्रे, अधूनमधून सासूबाई आणि मुलं. या कामाला गाडी उत्तम आहे. थंडीतही पहिल्या सेल्फला चालू होते, भरलेली असली तरी घाटात दम तोडत नाही, घाट धरून ११-१२ चं ॲव्हरेज देते. तिसऱ्या रांगेत मोठं माणूस तासभर बसू शकत नाही. मार्चमध्ये क्लच प्लेट बदलली, तो खर्च मी घेतानाच धरला होता. पुढच्या चाकांच्या आवाजाचा मात्र धरला नव्हता, आणि त्यात माझे दोन महिने गेले.

जुलैत शेताच्या वाटेवरच्या ओढ्याला अर्ध्या चाकापर्यंत पाणी होतं. एका आठवड्यात तीनदा मी घाट चढून आले आणि गाडी थेट त्यात घातली. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाचगणीहून उतरताना डाव्या वळणांवर पुढून खर्रर्र असा आवाज यायला लागला, पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा. सरळ रस्त्यावर काही नाही. उजव्या वळणावरही काही नाही.

पहिल्या गॅरेजमध्ये ऐकलं, "ताई, ब्रेकचे पॅड संपलेत." पॅड बदलले, २,६०० रुपये दिले, संध्याकाळी घाटात आवाज तसाच. आता कळतं की हे मी तिथल्या तिथे ओळखायला हवं होतं. पॅडचा आवाज ब्रेकवर पाय ठेवला की बदलतो, वाढतो किंवा बंद होतो. माझ्या आवाजाला ब्रेकशी काही देणंघेणं नव्हतं. जुने पॅड मी मागून घेतले होते, त्यांत निम्म्याहून जास्त माल शिल्लक होता.

दुसरं गॅरेज मोठं, हायवेवरचं. तिथला माणूस एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "सीव्ही जॉइंट गेलाय मॅडम, एक्सल बदलावा लागेल." म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या शाफ्टचा सांधा. अंदाज १४,००० चा. मी होकार देण्याच्या बेतात होते. रात्री गाडीचं पुस्तक काढून बसले तेव्हा लक्षात आलं, माझ्या गाडीला पुढे एक्सल शाफ्टच नाही! इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते, पुढची चाकं नुसती फिरतात आणि वळतात. जो जॉइंट गाडीत नाही तो जाणार कसा? मला मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. दिवसभर ब्रेझा, क्रेटा, नेक्सॉनसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या खोलणाऱ्या माणसाच्या तोंडी 'वळताना आवाज' म्हटलं की हेच उत्तर येत असावं. पण बोलेरो किंवा स्कॉर्पिओच्या टू-व्हील ड्राइव्हसारखी गाडी तुमच्याकडे असेल, तर सीव्ही जॉइंटचं नाव निघताच गाडीखाली वाकून बघा. पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट दिसला नाही, तर ते एस्टिमेट घेऊन घरी या.

खऱ्या सीव्ही जॉइंटचा आवाजही निराळा असतो. मोकळ्या मैदानात स्टेअरिंग एका बाजूला शेवटपर्यंत वळवून हळूहळू गोल फिरायचं आणि ॲक्सिलरेटर द्यायचा. जॉइंट गेला असेल तर कट-कट-कट असा मोजता येणारा आवाज येतो, आणि चाकाच्या आतल्या बाजूला फाटलेलं रबरी बूट व आजूबाजूला उडालेलं काळं ग्रीस दिसतं. माझा आवाज मोजता येण्यासारखा नव्हता, तो सलग घासत होता.

मग गेले वाईतल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे. टेम्पो आणि ट्रकवर त्यांचा जन्म गेलाय. जॅकला हात लावायच्या आधी त्यांनी विचारलं, "ताई, आवाज कुठल्या वळणाला येतो? गाडी उभी असताना स्टेअरिंग फिरवलं तर येतो का?" उभ्या गाडीत येत नव्हता, म्हणजे पॉवर स्टेअरिंगचा पंप आणि स्टेअरिंगचे सांधे बाजूला पडले. त्या दिवशी त्यांच्याकडे दोन टेम्पो उभे होते, फार वेळ नव्हता. त्यांनी उजवं चाक काढलं, ब्रेकच्या डिस्कमागचा पातळ पत्रा, म्हणजे डस्ट शील्ड, एका कडेला डिस्कला टेकत होता तो स्क्रू-ड्रायव्हरनं मागे ओढला आणि पैसे घेतले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "गप्प झाली तर बरंच. परत बोलली तर गाडी चालवत बसू नका, लगेच आणा."

तीन आठवडे गप्प होती. सप्टेंबरात रोपं लावायच्या घाईत ती परत बोलायला लागली, आणि या वेळी सोबत आणखी दोन गोष्टी होत्या. चाळीस ते साठच्या वेगात खालून हूंऽऽ अशी घरघर, विमान लांबून जावं तशी. आणि घाटातली चार-पाच वळणं घेतली की पुढचा पहिला ब्रेक खोल जायचा, दुसऱ्यांदा दाबला की नेहमीसारखा. या ब्रेकनं मी घाबरले. मागच्या सीटवर मुलं होती.

मिस्त्री या वेळी सोबत बसले. वाई-सुरूर रस्त्याच्या सरळ पट्ट्यावर पन्नासला गिअर काढायला लावला. घरघर तशीच राहिली, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स सुटले. डांबर संपून काँक्रीटचा तुकडा आला तिथेही आवाज बदलला नाही. टायरचा असता तर रस्त्यागणिक बदलला असता. मग मागेपुढे कुणी नाही बघून हलकेच डावीकडे-उजवीकडे झोके घ्यायला सांगितले. डावीकडे वळवलं की घरघर वाढायची, उजवीकडे वळवलं की बसायची. "डावीकडे वळलं की गाडीचं वजन कुठं जातं?" त्यांनी विचारलं. उजव्या चाकावर. इतके दिवस माझ्या कानाला जे ऐकू येत होतं त्याचा अर्थ एवढा सरळ होता: वजन पडलं की उजवं चाक ओरडत होतं.

गॅरेजमध्ये गाडी जॅकवर घेऊन खाली घोडी (स्टँड) लावली. उजवं चाक वर-खाली धरून हलवलं तर खटका जाणवत होता. हा खटका बॉल जॉइंटचाही, म्हणजे चाकाला वळू देणाऱ्या सांध्याचाही, असू शकतो. ते ओळखायची त्यांची पद्धत मला फार आवडली. गॅरेजमधल्या पोराला ब्रेक दाबून ठेवायला सांगितला आणि चाक परत हलवलं. खटका नाहीसा! ब्रेक दाबला की डिस्क कॅलिपरमध्ये घट्ट धरली जाते, त्यामुळे चाक ज्यावर फिरतं त्या बेअरिंगची ढिलाई लपते; बॉल जॉइंटची लपत नाही. मग चाक हातानं फिरवत मला पुढच्या स्प्रिंगवर बोटं ठेवायला लावली. उजवीकडे स्प्रिंगमध्ये बारीक करकर बोटांना लागत होती, डावीकडे जवळजवळ नव्हतीच.

हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, उघडलं तेव्हा आतलं ग्रीस दुधाच्या चहासारखं झालं होतं. माझ्या गाडीत पुढच्या प्रत्येक हबमध्ये दोन टेपर रोलर (निमुळत्या रोलरची) बेअरिंग आहेत, आतलं मोठं आणि बाहेरचं लहान. मोठ्याच्या रोलरवर बारीक खड्डे पडले होते. घाटातून आलेलं हब तापलेलं असतं. ते गार पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढून घेते. जुलैतला ओढा इथे निघाला. बेअरिंग झिजून ढिलं झालं, वळणावर डिस्क तिरकी व्हायला लागली, तिरकी डिस्क शील्डला घासायची आणि पॅडना मागे ढकलायची. म्हणून खरखर, आणि म्हणूनच तो खोल जाणारा ब्रेक. शील्ड सरळ केल्यावर तीन आठवडे मिळाले ते फक्त दोघांतलं अंतर वाढलं म्हणून.

पोराचं म्हणणं होतं की हबमध्ये बसवलेली बेअरिंगची बाहेरची रिंग जुनीच ठेवू, ठोकून काढायला वेळ जातो. मिस्त्रींनी ऐकलं नाही. जुन्या रिंगवर नवे रोलर फिरवले तर तेही लवकरच जातात. डाव्या हबचं ग्रीसही पांढरं पडायला लागलं होतं, म्हणून दोन्ही बाजूंची चारही बेअरिंग, सील आणि तापात टिकणारं लिथियम कॉम्प्लेक्स ग्रीस असे ४,३०० आणि मजुरी १,२०० रुपये झाले. नट आवळताना मी शेजारी उभी होते. आधी चाक फिरवत घट्ट आवळला, मग सैल केला, मग नुसत्या बोटांच्या जोरानं बसवून नवी स्प्लिट पिन घातली. टेपर बेअरिंग करकचून आवळलं तर तापून जळतं, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

नव्या गाड्यांत बहुतेक वेळा बंद हब बेअरिंग असतं. त्यात ग्रीस भरता येत नाही, गेलं की अख्खं बदलायचं. तपासायची रीत मात्र बरीचशी हीच. फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर आधी लिव्हर बघा. पार्ट-टाइम, म्हणजे लागेल तेव्हाच लावायचं, फोर-व्हील कोरड्या डांबरावर लावलेलं राहिलं तर वळताना गाडी अडखळते आणि कुरकुरते, आणि तेव्हा काहीच बिघडलेलं नसतं.

काम होऊन दोन महिने झाले, गाडी २,७०० किलोमीटर चालली. पाचशे किलोमीटरला एकदा ढिलाई तपासून घेतली, नीट होती. वळणावर आवाज शून्य, ब्रेक पहिल्याच दाबाला वर. डाव्या बॉल जॉइंटच्या रबराला बारीक चीर दिसतेय, ते स्ट्रॉबेरीचा माल सुरू व्हायच्या आत करून घेणार आहे. ओढ्याला पाणी असेल तेव्हा मी आता आधी दहा-पंधरा मिनिटं गाडी उभी करते, चाकं निवू देते. आणि पुढच्या सप्टेंबरात दोन्ही हब उघडून ग्रीस बदलायचं, हे मिस्त्रींनी सर्व्हिस बुकाच्या मागच्या पानावर स्वतःच्या हातानं लिहून दिलंय.